लेकाला लायसन आलंय ना ताई, मग एवढं ऐका

ताई, लेकाला दुचाकीचं लायसन आलं की जिवाला घोर लागणारच. पण तो घोर त्याला सारखे फोन करून हलका करू नका. आईचा फोन दिसला की पोरं चालत्या गाडीवर एका हाताने उचलतात. "पोचलास की मिस कॉल दे" एवढंच ठरवा. जड जातं, पण पाळा.

सुरुवातीला मागे तुम्ही स्वतः बसा. आपल्या सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात पुढची रिक्षा अचानक थांबली की पोरगा आधी आरशात बघतो का नुसता हॉर्न दाबतो, ते तिथंच कळतं.

मला खरी भीती उसाच्या ट्रॉल्यांची. गाळप हंगामात अंधारात जोडट्रॉली (एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या) चाललेली असते, ऊस बाहेर लोंबतो, कित्येकींना मागे दिवाही नसतो. म्हणून हंगाम संपेपर्यंत अंधार पडल्यावर अक्कलकोट रोडला गाडी न्यायची नाही, हे ठणकावून सांगा. हेल्मेटचा पट्टा तुमच्यासमोर लावू दे.

धाकटी सोळाची ना? तिला लायसन मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. घरची 110 ची स्कूटी त्यात बसत नाही. दिलीत तर पालकालाच 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कितीही रुसली तरी किल्ली देऊ नका.