विश्वस्त अध्यक्षांचा मोबदला: आधी परवानगी, मग पैसे

प्रश्न : मी ठाणे पश्चिमेतील एका नोंदणीकृत धर्मादाय न्यासाचा मानद सचिव आहे. वर्तकनगर परिसरात आमचे सहा यंत्रांचे डायलिसिस केंद्र आहे. आमच्या अध्यक्षाबाई सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाल्या. गेली चार वर्षे सकाळी साडेसहाला केंद्र उघडण्यापासून संध्याकाळी हिशेब लावण्यापर्यंतचे सारे काम त्या विनामूल्य करीत आल्या. यजमानांच्या आजारपणानंतर त्यांची आर्थिक ओढाताण होऊ लागली, म्हणून विश्वस्त मंडळाने ठराव करून त्यांना दरमहा ३५,००० रुपये मानधन सुरू केले. पाच महिने रक्कम दिल्यावर लेखापरीक्षकांनी हरकत घेतली आणि सात विश्वस्तांपैकी एकांनी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करण्याचा इशारा लेखी दिला. न्यासपत्रात ‘विश्वस्तांनी न्यासाचे काम मानद तत्त्वावर करावे, कामासाठी प्रत्यक्ष झालेला खर्च त्यांना मिळेल’ असे कलम आहे. न्यायालयाची मान्यता घेतल्यास दिलेली रक्कम नियमित होईल का? तोपर्यंत ती प्रवासखर्च म्हणून दाखवावी, किंवा बाईंच्या सूनबाईंना नोकरीवर दाखवावे, अशा सूचना काहींनी केल्या आहेत. योग्य मार्ग कोणता?

उत्तर : सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातून अध्यक्षाबाईंबद्दलचा जो आदर दिसतो तो रास्त आहे, आणि त्यांच्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा असे मलाही मनापासून वाटते. मात्र तो ज्या रीतीने सुरू झाला ती रीत चुकली आहे, आणि आज तातडीने दुरुस्त केली नाही तर तिचा भार बाईंबरोबर धनादेशावर सही करणाऱ्या प्रत्येकावर येईल. न्यायालयाची मान्यता हा पुढचा रस्ता मोकळा करण्याचा एक उपाय आहे. मागे दिलेले पैसे तिने आपोआप नियमित होतील, अशी आशा धरू नये.

विश्वस्ताने आपल्या पदातून स्वतःचा फायदा करून घेऊ नये, हा विश्वस्तविषयक कायद्याचा मूळ दंडक आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने) १८९६ साली ब्रे विरुद्ध फोर्ड या प्रकरणात तो ठामपणे मांडला. त्या प्रकरणात लीड्सच्या यॉर्कशायर कॉलेजचे मानद उपाध्यक्ष त्याच संस्थेचे सॉलिसिटर, म्हणजे वकील, म्हणून फी घेत होते. न्यायमूर्ती लॉर्ड हर्शेल यांनी म्हटले ते मला आजही महत्त्वाचे वाटते : हा नियम कुणाच्या नीतिमत्तेवर शंका घेण्यासाठी नाही, तर माणसाचा स्वभाव पाहता कर्तव्य आणि स्वार्थ समोरासमोर आले की कर्तव्य झुकण्याचा धोका असतो, म्हणून आहे. बाईंना हे समजावून सांगताना हाच धागा धरावा. आपल्यावर संशय घेतला जात आहे असे त्यांना वाटता कामा नये.

आपल्याकडे भारतीय न्यास अधिनियम, १८८२ याच्या कलम ५० मध्येही हेच आहे : न्यासपत्रात तशी तरतूद नसेल, किंवा पद स्वीकारताना तसा करार झालेला नसेल, तर विश्वस्ताला मोबदल्याचा हक्क नाही. तो अधिनियम सार्वजनिक धर्मादाय न्यासांना थेट लागू होत नाही, तरी त्यामागचे तत्त्व न्यायालये विचारात घेतात. आपल्या न्यासाला लागू होतो तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. त्याच्या कलम ३६ ए नुसार विश्वस्तांनी न्यासाचा पैसा न्यासपत्राच्या अटींप्रमाणेच वापरला पाहिजे. आपले न्यासपत्र मोबदल्याबाबत गप्प असते, तर वाद घालायला जागा होती. पण ‘मानद तत्त्वावर’ म्हणून झाल्यावर पुढे ‘प्रत्यक्ष झालेला खर्च मिळेल’ असे लिहिले आहे, याचा सरळ अर्थ खर्चापलीकडे काही मिळणार नाही असाच होतो. मंडळाच्या साध्या ठरावाने हे कलम ओलांडता येत नाही. मग तो ठराव एकमताने झालेला असो की सहा विरुद्ध एक अशा मतांनी.

मोबदला ही गोष्टच कायद्याला वर्ज्य आहे, असा मात्र समज करून घेऊ नका. दरवर्षी आपण जो उत्पन्न-खर्चाचा तक्ता दाखल करता, त्या अनुसूची ९ च्या नमुन्यात ‘विश्वस्तांचे पारिश्रमिक’ असा स्वतंत्र रकाना छापलेला आहे. म्हणजे विश्वस्ताला पैसे दिले जाऊ शकतात हे कायद्याने गृहीत धरले आहे. त्याचे म्हणणे इतकेच की ते अधिकाराने द्यावेत आणि उघडपणे, त्याच नावाने दाखवावेत.

आता आपण पत्रासोबत पाठवलेल्या इतिवृत्ताच्या छायाचित्राकडे वळतो. ठराव क्रमांक ७ वर सूचक आणि अनुमोदक यांची नावे आहेत, आणि पानाच्या तळाशी सभेच्या अध्यक्ष म्हणून बाईंची स्वतःची सही आहे. ज्या सभेत स्वतःचे मानधन ठरत होते, त्या सभेचे अध्यक्षस्थान बाईंनी सोडलेले नाही, आणि त्या विषयापुरत्या बाहेर गेल्याची नोंदही नाही. न्यासपत्र अनुकूल असते तरीही हा ठराव एवढ्या एका कारणाने टिकला नसता. रक्कम ३५,००० च का, तशाच केंद्राच्या व्यवस्थापकाला ठाण्यात किती पगार मिळतो, न्यासाला तो परवडतो का, यावर इतिवृत्तात एक ओळही नाही. ‘बाईंच्या निःस्वार्थ सेवेची दखल घेऊन’ हे शब्द हृद्य आहेत, पण मोबदला ठरवण्याचे कारण म्हणून ते कोणत्याही न्यायालयात उपयोगी पडणार नाहीत.

माझ्या मते आपल्या सर्व गोंधळाचे मूळ एकाच ठिकाणी आहे. आपण अध्यक्षपदाला मानधन दिले. बाई मात्र करतात ते काम केंद्राच्या व्यवस्थापकाचे आहे. सभा घेणे, धोरण ठरवणे, अहवालावर सही करणे हे अध्यक्षांचे काम, आणि ते मानदच राहिले पाहिजे. तंत्रज्ञांच्या पाळ्या लावणे, डायलायझरचा साठा पाहणे, पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रणेच्या देखभालीसाठी माणूस बोलावणे, रुग्णांची नोंदवही ठेवणे, हे पगारी नोकरीचे काम आहे आणि उद्या बाई आल्या नाहीत तर त्यासाठी आपल्याला माणूस नेमावाच लागेल. मागणी याच कामापुरती ठेवावी. तसे केले तरी अडचण पूर्ण सुटत नाही, कारण विश्वस्तपदाशी विसंगत असे न्यासातील दुसरे पद स्वीकारणे हे १९५० च्या याच अधिनियमाच्या कलम ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचे किंवा काढून टाकण्याचे एक कारण आहे. मंडळावर बसून स्वतःच्याच कामावर देखरेख करणारी पगारी व्यवस्थापक ही स्थिती त्या कलमाच्या फार जवळ जाते.

म्हणून सर्वांत स्वच्छ मार्ग हा, की बाईंनी विश्वस्तपदाचा राजीनामा द्यावा आणि न्यासाने त्यांना केंद्र व्यवस्थापक म्हणून रीतसर नेमावे. सकाळी राजीनामा आणि दुपारी नियुक्तिपत्र असे मात्र करू नका. जागेचे काम, पात्रता आणि वेतनश्रेणी ठरवून ती जाहीर करा, अर्ज मागवा आणि निवडीची कारणे लिहून ठेवा. बाईंचा अनुभव पाहता त्यांची निवड होण्यास अडचण येऊ नये, आणि झाली तर ती कागदावरही टिकेल. राजीनाम्यानंतर ९० दिवसांच्या आत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, ठाण्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात दाखल करावा. हा अर्ज लांबणीवर टाकणे ही आपल्या न्यासांची जुनी खोड आहे. या प्रकरणात ती महागात पडेल.

बाईंनी विश्वस्त राहूनच काम करावे असा मंडळाचा आग्रह असेल, तर आधी न्यासपत्राचा अडसर दूर करावा लागेल. न्यासपत्रात दुरुस्तीचा अधिकार दिला आहे का ते प्रथम पाहा. नसेल, तर कलम ५० ए खाली न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे योजना, म्हणजे न्यासाच्या कारभाराची नियमावली, तयार करण्यासाठी अर्ज करू शकतात. ‘विशेष पूर्णवेळ काम करणाऱ्या एका विश्वस्तास, हितसंबंध नसलेल्या विश्वस्तांच्या निर्णयाने आणि ठराविक मर्यादेत मोबदला देता येईल’ अशी तरतूद त्या योजनेत मागता येईल. ती मंजूर होईलच असे वचन मी देत नाही, पण मागण्याची योग्य जागा हीच आहे.

आपण विचारलेली न्यायालयाची मान्यता येते कलम ५६ ए मधून. न्यासाच्या मालमत्तेच्या किंवा उत्पन्नाच्या व्यवस्थापनासंबंधी कोणत्याही प्रश्नावर विश्वस्ताला न्यायालयाचे मत, सल्ला किंवा निर्देश मागता येतात. बृहन्मुंबईत हे न्यायालय म्हणजे शहर दिवाणी न्यायालय, आणि आपल्यासाठी कोर्ट नाक्यावरचे ठाणे जिल्हा न्यायालय. न्यायालय धर्मादाय आयुक्तांना व हितसंबंधितांना नोटीस काढू शकते आणि जाहीर सूचना प्रसिद्ध करण्यास सांगू शकते. या कलमाचे मोल त्यातील संरक्षणात आहे : विश्वस्ताने सद्भावनेने सर्व वस्तुस्थिती मांडून न्यायालयाच्या सल्ल्याप्रमाणे वागल्यास, त्या बाबतीत त्याने आपले कर्तव्य पार पाडले असे मानले जाते. प्रश्न संक्षिप्त पद्धतीने निकाली काढण्याजोगा नाही असे वाटल्यास न्यायालय मत देण्यास नकारही देऊ शकते. माझा अनुभव असा की लोक या कलमाकडून फार मोठी अपेक्षा करतात. न्यासपत्राचा अर्थ न्यायालय सांगेल. न्यासपत्र बदलून देण्याची अपेक्षा येथे धरू नये. म्हणून योजनेचा अर्ज आधी, आणि ठरलेली रक्कम किंवा तिची पद्धत याबद्दल शंका उरल्यास कलम ५६ ए खालचा अर्ज नंतर, असा क्रम मी सुचवीन.

अर्ज कोठेही केला तरी त्यात बाईंच्या परिस्थितीपेक्षा न्यासाचे हित पुढे असावे. कामाचे तास व स्वरूप, तशा कामासाठी इतर केंद्रांत मिळणारा पगार, गेल्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रके, बाईंना वगळून झालेला नवा ठराव, आणि मोबदला एक किंवा दोन वर्षांपुरताच असून त्यानंतर फेरविचार होईल अशी अट, हे सर्व जोडावे. बाईंची ओढाताण खरी आहे आणि ती मनाला लागते. पण दात्यांनी दिलेला पैसा रुग्णांसाठी आहे. गरजू विश्वस्ताला मदत हा आपल्या न्यासाचा उद्देश नाही. आपल्या मनात असलेली मदत विश्वस्तांनी व्यक्तिशः, स्वतःच्या खिशातून केली तर तिला कोणाचीही हरकत असणार नाही.

राहिले दिलेले १,७५,००० रुपये. ते पुढील सभेपूर्वी बाईंनी न्यासाच्या खात्यात परत भरावेत, सोबत ‘भविष्यात रीतसर मंजुरी मिळाल्यास कामाचा मोबदला मागण्याचा माझा अधिकार अबाधित ठेवून’ असे पत्र द्यावे, आणि मंडळाने ठराव क्रमांक ७ रद्द करावा. एकरकमी परतफेड जमणार नसेल तरी ती रक्कम ‘उचल’ म्हणून वहीत दाखवू नका. विश्वस्ताने स्वतःच्या वापरासाठी न्यासाचे पैसे कर्जाऊ घेणे कलम ३६ ए नेच वर्ज्य केले आहे, आणि कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको आहे का हे लेखापरीक्षकांना अहवालात सांगावेच लागते. एक चूक झाकताना दुसरी, अधिक गंभीर चूक होईल. इतर विश्वस्तांनी आपसांत रक्कम उभी करून बाईंच्या वतीने भरली तर ते उत्तम. भरणा झाला नाही, तर आयुक्त कलम ४० खाली न्यासाचे नुकसान ठरवून कलम ४१ खाली ते जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि त्या व्यक्तींत सचिवही येतात.

प्रवासखर्चाची सूचना तर मुळीच ऐकू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका न्यासाने बारा महिने दरमहा नेमके पंधरा हजार रुपये ‘वाहनखर्च’ दाखवले होते. चौकशीत निरीक्षकांनी एवढेच विचारले की फेब्रुवारीत आणि मे महिन्यात पेट्रोल सारखेच कसे लागले. पावत्या नव्हत्या, आणि मानधनाचा साधा प्रश्न खोट्या हिशेबाचा प्रश्न झाला. सूनबाईंचे नाव घालणे याहून वाईट, कारण प्राप्तिकर कायदा विश्वस्ताच्या नातेवाइकांना विश्वस्ताच्याच पंक्तीत बसवतो. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे अशा व्यक्तींना सेवेच्या मानाने वाजवीपेक्षा जास्त रक्कम दिली, तर न्यासाची करसवलत धोक्यात येते. संबंधित व्यक्तींना मिळणाऱ्या लाभावरचे हे बंधन २०२५ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. संस्थेचा व्यवस्थापकही या यादीत येतो, म्हणून बाई राजीनामा देऊन नोकरीवर आल्या तरी पगार वाजवी असल्याचा पुरावा फाइलीत ठेवावाच लागेल.

ज्या विश्वस्तांनी हरकत घेतली त्यांना कृपया विरोधक समजू नका. कायद्याने सातही जणांकडून जी सावधगिरी अपेक्षित होती, ती त्यांनी दाखवली. त्यांचे पत्र इतिवृत्तात नोंदवा, रक्कम परत आल्याचे त्यांना लेखी कळवा, आणि नव्या ठरावाचा मसुदा करताना त्यांना सोबत घ्या. त्यांची सही असलेला अर्ज धर्मादाय आयुक्तांपुढे कितीतरी वजनदार ठरेल.

सभेची नोटीस काढताना ‘ठराव क्रमांक ७ रद्द करणे’ आणि ‘केंद्र व्यवस्थापकाचे पद निर्माण करणे’ हे दोन विषय वेगवेगळे लिहा, आणि त्या दोन्ही विषयांपुरते अध्यक्षस्थान दुसऱ्या विश्वस्ताकडे देऊन बाई सभागृहाबाहेर गेल्याची वेळेसह नोंद करा. जुन्या इतिवृत्ताच्या पानावर खाडाखोड करू नका, कागद चिकटवू नका. ते आहे तसेच राहू द्या आणि मूळ वही, न्यासपत्र व अनुसूची एकचा, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदवहीचा, ताजा उतारा घेऊन आपल्या वकिलांकडे जा.