जुन्या पोकलेनवर दोन्ही नॉक्स सेन्सरचे कोड एकदम येतायत? सेन्सरची ऑर्डर थांबवा, आधी अर्थिंग बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जपानहून आलेला वापरलेला २० टनी पोकलेन घेतलाय. सकाळी मशीन उत्तम चालतं, दोन-तीन तास काम झालं की इंजिनचा दिवा लागतो आणि दम जातो. स्कॅनरवर ३२१६ आणि ३२२६, दोन्हींपुढे एफएमआय (दोष कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा) ९. एक मेकॅनिक म्हणतो दोन्ही नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) बदला. दुसरा म्हणतो धूर स्वच्छ करायला मारतात ती युरिया-बिरिया सगळी सिस्टीम काढून टाका आणि मोकळे व्हा.

मी खाणींवर आणि खडी क्रशरवर वायरिंगचीच कामं करतो, त्यामुळे वायरमनच्या बाजूने सांगतो. सध्या दोघांचंही ऐकू नका.

३२१६ म्हणजे युरिया मारायच्या आधीचा नॉक्स सेन्सर, ३२२६ म्हणजे शेवटचा, धूर बाहेर पडतो तिथला. पण खरी माहिती मागच्या आकड्यात असते. एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज जास्त येतंय, ४ असेल तर कमी येतंय, ५ असेल तर बहुतेक वायर तुटलीय. ९ चा अर्थ वेगळा आहे: निरोप वेळेवर येत नाही. नॉक्स सेन्सर साध्या प्रेशर सेन्सरसारखा अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल देत नाही. त्याच्या शेपटीला स्वतःचा छोटा डबा असतो आणि डब्यात चार वायरी जातात: सप्लाय, अर्थ, कॅन हाय, कॅन लो. कॅन म्हणजे मशीनमधले डबे ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी. हिशेब तो डबाच करतो आणि आकडा कॅनवरून ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पाठवतो. आकडा येईनासा झाला की ईसीएम ९ लावतं. म्हणजे सेन्सर खराब आहे असं ते म्हणतच नाहीये, याचा फोन लागत नाही एवढंच म्हणतंय.

आता दोघांचाही फोन एकाच वेळी बंद. गावात दोन घरांची लाईट एकदम गेली तर आपण घरातले बल्ब बदलत बसतो का? डीपी बघतो. या दोन सेन्सरना सामाईक काय आहे ते शोधायचं: फ्यूज, रिले, अर्थ आणि कॅनची जोडी.

कोड डिलीट करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. सध्या चालू कोड कोणते, जुने कोणते, प्रत्येक किती वेळा आलाय, हे त्यात दिसलं पाहिजे. मग बॅटऱ्या. २४ व्होल्टच्या मशीनला इंजिन चालू असताना साधारण २८ च्या आसपास मिळायला हवेत. इथेच गडबड असेल तर पुढचं सगळं मोजणं वाया.

पुढची तपासणी मशीन तापल्यावर, दोष हजर असतानाच करायची. लोक सकाळी सातला थंड मशीनवर मीटर लावतात, सगळं ठीक दिसतं आणि शेवटी बोट सेन्सरकडे जातं. इंजिन बंद करा, पण बॅटरीचा कट-ऑफ लगेच फिरवू नका. किल्ली बंद झाल्यावर युरियाचा पंप लाईनीतला युरिया टाकीत परत ओढतो, त्याला दोन-चार मिनिटं लागतात. ऑपरेटरला घरी जायची घाई असते, तो खटकन कट-ऑफ मारतो, युरिया लाईनीत राहतो आणि त्याचे खडे होतात. निम्मे युरियाचे दोष या एका सवयीने येतात असं माझं मत आहे.

कट-ऑफ बंद झाल्यावर कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये ओहम मोजा. स्कॅनर लावायचं गोल नऊ पिनी सॉकेट असेल तर बहुतेक वेळा सी आणि डी या पिना. ६० च्या आसपास आले तर जोडी शाबूत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर कुठेतरी एक बाजू तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. हेच माप सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढून वायरिंगच्या बाजूनेही घ्या. काही मशीनला या सेन्सरची कॅन लाईन वेगळी असते, मग केबिनमधल्या सॉकेटवर ६० दिसूनही मागे लाईन तुटलेली असू शकते.

कॅन ठीक निघालं तर सप्लाय आणि अर्थ, आणि इथे मीटरवर विश्वास ठेवू नका. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर २४ दाखवतं. २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब घ्या, कट-ऑफ आणि किल्ली परत चालू करा आणि काढलेल्या कपलरच्या सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये बल्ब लावा. हा बल्ब जेमतेम एक अँपिअर ओढतो, सेन्सरचा हीटर तापताना त्याहून बराच जास्त. बल्ब लख्ख पेटायला हवा. काजव्यासारखा पेटला तर चोर सापडला. बल्ब पेटता ठेवूनच मीटरची एक टोचणी अर्थ पिनेला आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. फक्त हा बल्ब चुकूनही कॅनच्या किंवा ईसीएमच्या सिग्नल पिनेला लावू नका.

मागच्या उन्हाळ्यात वाघोलीकडच्या एका क्रशरवर अगदी तुमच्यासारखीच केस होती. मालकाने दोन्ही सेन्सर नवे टाकले होते, आठवडाभरात कोड परत. बल्ब लावला तर लालसर, मंद. अर्थवर ३ व्होल्टच्या वर पडत होते. वायरीच्या मागे मागे गेलो तर काउंटरवेटच्या आतल्या बाजूला, चेसिसवरच्या बोल्टखाली अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) होता आणि लगखाली ताजा पिवळा रंग! विकायच्या आधी मशीन चकाचक केलेलं, रंगाऱ्याने लग काढला, रंग मारला आणि रंगावरच परत बसवला. थंडीत बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा करंट जायचा, तापलं आणि हादरे बसले की तुटायचा. पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. अर्ध्या तासाचं काम. जुने सेन्सर लावून पाहिले तर तेही चालू होते. तुमचंही मशीन विक्रीआधी रंगवलेलं असणारच, म्हणून मी अर्थपासून सुरुवात करीन.

अर्थ स्वच्छ निघाला तर वायरी युरियाच्या टाकीपर्यंत बघा. युरिया कपलरमध्ये शिरला की तांब्याच्या तंतूंमधून आत चढत जातो. पांढरे खडे दिसले तर कोमट पाण्याने धुवा, युरिया पाण्यातच विरघळतो, स्प्रे मारून काही होत नाही. वायर सोलल्यावर तांबं हिरवं-काळं दिसलं तर लाल तांबं लागेपर्यंत कापत जा. कॅनच्या वायरींना जोड देताना पीळ तसाच ठेवा. आणि बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी सोडवतात का, हेही विचारून घ्या.

सगळं काढून टाकायचा सल्ला मला पटत नाही. कायद्याचं तर आहेच: चाकांच्या बांधकाम यंत्रांना आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ (बांधकाम यंत्रांच्या धुराची मर्यादा) आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ लागू झालं, पुढे नियम सैल होणार नाहीत. पण त्याआधी सीटमागचं कव्हर उघडून बघा. तिथे टेपने गुंडाळलेली, कॅनच्या वायरींना टॅप केलेली अनोळखी डबी दिसली तर आधीच्या मालकाने ईसीएमला फसवायचा प्रयोग करून झालेला आहे, आणि मग तुमचा दोष तीच डबी असू शकते. ती सोडवून वायरी मूळच्या करा आणि पुन्हा ६० मोजा.

गरम मशीनवरचं ओहमचं आणि अर्थचं माप इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.