रातांब्याचं बी रुजवताना

दादा, कोकम, म्हणजे आपलं रातांब्याचं झाड, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत 'असुरक्षित' गटात आहे. तुम्ही बियांपासून रोपं करताय, याचा मनापासून आनंद झाला.

नवखे हमखास चुकतात ते इथे: बी उन्हात वाळवून ठेवतात. वाळलं की ते रुजत नाही. पिकलेला रातांबा (कोकमाचं फळ) फोडा, गर धुवा, सावलीत निथळवा आणि लगेच पेरा.

- रोपाच्या पिशवीत पाणी साचू देऊ नका, रोपांना सावली द्या.
- कोंब यायला आठवडे लागतात, तेही मागेपुढे. माती उकरून बघू नका!

एकाच झाडाच्या बियांची रोपंही कमीजास्त वाढतात. खुरटं दिसलं म्हणून उपटू नका. झाड नर की मादी हे काही वर्षांनी फुलल्यावरच कळतं आणि जवळपास निम्मी नर, म्हणजे फळ न देणारी, निघतात. म्हणून दोन-चारावर थांबू नका, भरपूर लावा. कलमांचं पुढे बोलू.