गाढवांच्या गावाला जाताना

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला जातोय. अ‍ॅरिझोनात किंगमन ते ओटमन हा जुन्या रूट ६६ महामार्गाचा टप्पा स्वतः गाडी चालवत करायचा आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जरूर जा. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच सोलापूर आरटीओतून काढा. तो वर्षभर चालतो. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, पण सिटग्रीव्हज घाटात वळणं अगदी अंगावर येणारी. ४० फुटांहून लांब वाहनांना तिथे बंदी आहे, त्यामुळे लहान गाडीच घ्या. उतारावर ऑटोमॅटिक गाडीही खालच्या गिअरमध्ये टाका, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापतात. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळताना आपल्या सवयीने हमखास चुकीच्या लेनमध्ये शिरायला होतं. ओटमनच्या मुख्य रस्त्यावर खाणकामगारांनी सोडलेल्या गाढवांचे वंशज मोकाट हिंडतात आणि थेट खिडकीत तोंड घालतात. काच वर ठेवा, शिंगरांना काही चारू नका. उन्हाळा मात्र टाळाच. सोलापूरकरांनासुद्धा तो जड जाईल.