गुडघा नवा बसवला, पण व्यायामाचं गाडं अडलंय

प्रश्न : वय ६७, राहते साताऱ्याला. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. पहिले तीन आठवडे फिजिओवाली मुलगी घरी यायची तोवर सगळं छान चाललं होतं, ती यायची थांबली आणि माझं गाडं अडलं. कागदावर अकरा व्यायाम लिहून दिलेत, रोज सकाळी तासभर करायचे. दोन दिवस करते, तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजतो की मग चार दिवस सुट्टी. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की तेवढं बरं वाटतं. मुलगा म्हणतो, आई तू आळशी झालीस. आणि गौरीच्या पूजेला पाटावर बसता येईल का?

उत्तर : काकू, आधी हे मुलाला वाचायला द्या. गुडघ्यात सूज असली ना की मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावताच येत नाही, मेंदूकडून हुकूमच अर्धा पोचतो. तुम्ही कितीही ठरवा, पाय उचलताना थरथरणारच, त्यात आळस कुठून आला?

तुम्ही जाता जाता उशीचं लिहिलंय, पण मला पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती तीच. आजपासून ती उशी बंद. बरं वाटतं कारण गुडघा थोडा वाकलेला राहतो, पण रात्रभर तसाच राहिला की मागची बाजू आखडते, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि मग चालताना लंगड राहते ती राहतेच. लोक वाकवायच्या मागे लागतात आणि सरळ करायचं विसरतात. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली काही नको, पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहा, दिवसातून तीन-चार वेळा. दुखेल, ताण बसेल, तो बसायलाच हवा. गुंडाळी काढून कडक गादीवर पाय सरळ सोडला की गुडघ्याखालून हात आरपार जातो का बघत जा, जागा कमी होत गेली पाहिजे.

आता तो तासभर. तो सोडूनच द्या! एका दमात तास आणि मग चार दिवस काहीच नाही, यानेच सूज येते. अकरातले चार धरा. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच गुडघा खाली दाबून पाच सेकंद धरायचा, असं दहा वेळा. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली. सिरीयलच्या जाहिराती लागल्या की खुर्चीत बसल्या बसल्या पाऊल मागे सरकवायचं, चांगल्या पायाने हळूच रेटा द्यायचा. फरशीवर अंगठ्यापाशी रंगीत टेप चिकटवा आणि दर रविवारी पाऊल टेपच्या किती मागे गेलं ते कालनिर्णयवर लिहा. चौथी ती टॉवेलची गुंडाळी. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या, नंतर पाय उंच ठेवून ओल्या फडक्यात बर्फ किंवा फ्रीजरमधली मटारची पिशवी पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त वाटली तर व्यायाम निम्मा करा, पण शून्य करू नका.

गुडघा गरम लागणं, कटकट वाजणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं हे बरेच महिने चालतं, घाबरू नका. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत. आणि एक, खुर्चीत बसून पाऊल गुडघ्याच्या बरोबर खाली येतं का, म्हणजे काटकोन होतो का? सात आठवड्यांनीही होत नसेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता सर्जनला फोन करा. भूल देऊन गुडघा मोकळा करता येतो, पण ते साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलेलं बरं, नंतर आतले चिकटलेले भाग घट्ट होतात.

पाटाचं म्हणाल तर यंदा नको. गौरी जरा उंच टेबलावर बसवा आणि तुम्ही हाताच्या खुर्चीत बसून पूजा करा, वाकून करायचं ते सूनबाई करतील. पुढच्या वर्षीचं तुमच्या सर्जनलाच विचारा, बरेच जण खाली बसायला कायमच नको म्हणतात.