माडांच्या मधल्या लॉनवर रोबोटिक मोवरची बाउंड्री वायर कशी टाकावी?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ घरापुढे 4 गुंठे लॉन आहे, त्यात पाच माड, एका कडेला गडगा, आणि रोबोटिक मोवरसोबतच्या (म्हणजे आपोआप फिरून गवत कापणाऱ्या मशीनसोबतच्या) पुस्तकातलं चित्र जागेला काही केल्या बसत नाही. बसणार नाहीच, त्या चित्रात माड नसतो! माझ्याकडे सहा माड आहेत आणि वायर दोनदा टाकावी लागली, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा मी बुंध्यापासून हातभर अंतरावर वायर फिरवली. लॉन जास्त मिळावं हा हव्यास. मे महिना झकास गेला. पाऊस लागल्यावर गडी नेहमीसारखा आळी उघडून खत घालायला आला, आणि पहिल्याच माडापाशी पारईखाली वायरचे दोन तुकडे. ही वायर म्हणजे मशीनला हद्द दाखवणारा, चार्जिंग स्टेशनपासून निघून परत तिथेच येणारा एकच फेरा. तो कुठेही तुटला की सिग्नल जातो आणि मशीन कामच करत नाही. मी टोकं पिळून वर टेप गुंडाळली. पंधरा दिवसांत आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलं, मशीन पुन्हा ठप्प. जोड द्यायचाच तर आत जेल भरलेला, पाणी न शिरणारा कनेक्टर वापरा.

तेव्हा आधी आळी आखा, मग वायर. मोठ्या माडाचं आळं बुंध्यापासून साधारण 1.8 मीटरपर्यंत जातं. त्याच्या काठापासून आणखी 30 ते 35 सेंमी सोडा, कारण मशीन वायर थोडी ओलांडूनच वळतं. बाहेरच्या वायरपासून माडाकडे जा, गोल फिरा आणि गेलात त्याच वाटेने परत या. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना चिकटून हवी, म्हणजे त्यांचे सिग्नल एकमेकांना मारतात आणि मशीन त्यावरून बिनदिक्कत जातं. मात्र एक वायर दुसरीवरून ओलांडू नका. दोन माड जवळ असतील तर दोघांना मिळून एकच वेढा घाला.

गडग्यापासूनही 35 सेंमी. तिथली उरलेली पट्टी हाताने कापावी लागते, त्याला इलाज नाही. चिऱ्यांची पाखाडी गवताच्या पातळीत असेल तर 10 सेंमी पुरे, चाक चिऱ्यावर चढतं आणि कडेचं गवत नीट कापलं जातं. कोपरे काटकोनात न घेता गोलसर घ्या.

स्टेशन सपाट जागी, सावलीत, समोर 3 मीटर मोकळी जागा राहील असं ठेवा. पण सावली माडाची नको. वरून नारळ पडला तर मशीनचं काय होईल ते सांगायला नको. उरलेली वायर वेटोळं करून मागे टाकू नका, सिग्नल बिघडतो, कापून टाका.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढा, स्टेशनला जोडलेली वायरची दोन्ही टोकंही काढा.

सुरुवातीला सुंभ टाकून आखणी करा, मग वायर खुंट्यांनी जमिनीलगत घट्ट बसवा. लगेच पुरू नका, गवत काही आठवड्यांत तिला झाकतंच. झाकली की गड्याला दिसत नाही, म्हणून मी मृगाच्या आधी सगळ्या वायरवर चुन्याची रेघ मारून ठेवतो.