कान्हेरीला जाताना: आजी, नातवंडे आणि कातळातले पाणी

प्रश्न : आम्ही कल्याणला राहतो. घरात सहा आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन कान्हेरीची बौद्ध लेणी पाहण्याचा विचार आहे. पण तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत असे कळल्यापासून मुले कंटाळतील आणि सासूबाईंना चढणे झेपणार नाही, अशी धास्ती वाटते. जंगल आणि लेणी एका दिवसात पाहून होतील का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : होतील, पण सगळी लेणी पाहण्याचा आग्रह आपण सोडायला हवा. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. हे अंतर सासूबाईंना चालायला लावू नये. आत जाणाऱ्या बसची चौकशी दारातच करावी. सकाळी लवकर पोहोचलात तर ऊन चढण्याआधी लेणी पाहून होतील आणि परतताना झाडीत निवांत बसता येईल.

पायथ्याच्या पायऱ्या सावकाश चढून सासूबाईंना तिसऱ्या लेण्यापर्यंत नेता आले, तर त्यांचा दिवस सार्थकी लागेल. हा येथील मोठा चैत्य, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन, असून त्याची घडण कार्ल्याच्या चैत्यावर बेतलेली आहे, आणि व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या सहा मीटरहून उंच मूर्ती उभ्या आहेत. येथील ब्राह्मी या प्राचीन लिपीतील लेखात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव आहे. कान्हेरीच्या लेखांमध्ये कल्याणच्या दात्यांचेही उल्लेख आहेत. आपल्याच गावच्या व्यापाऱ्यांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी येथे दान दिले, हे मुलांना तेथे उभे राहूनच सांगावे.

मुले कंटाळू नयेत म्हणून माझी एकच सूचना आहे: त्यांना मूर्ती मोजायला न लावता पाणी शोधायला लावावे. कोकणात पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडा असतो. तरीही येथे इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे भिक्षूंचा वावर राहिला. त्यामागे कातळात खोदलेल्या पन्हळी आणि टाकी आहेत. डोंगरउतारावरचे पाणी पन्हळीतून वळवून विहारांलगतच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासलेण्यांलगतच्या, टाक्यांत साठवलेले असे. वरून येणारी पन्हळ कोणत्या टाक्यात उतरते, हे सहा वर्षांचे मूलही बोटाने दाखवू शकते. ही जलव्यवस्था मला येथील शिल्पांइतकीच मोलाची वाटते आणि बहुतेक पर्यटक तिच्यावर नजरही न टाकता पुढे जातात, याचे वाईट वाटते. थोरल्या मुलाला चालण्याची हौस असेल, तर त्याने नव्वदावे लेणेही पाहावे: तेथे 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

माकडे हातातला खाऊ हिसकावतात, त्यामुळे डबा बंद पिशवीतच ठेवावा आणि माकडांना काहीही खायला घालू नये. हे बिबट्यांचे जंगल आहे. मुलांना पायवाट सोडून झाडीत जाऊ देऊ नये आणि दिवस मावळण्याआधी बाहेर पडावे. सोमवारी उद्यान बंद असते.

प्रश्न : जुलैमध्ये धबधब्यांसाठी लहान मुलांना कान्हेरीला नेणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लहान मुलांना नेऊ नये, असे माझे मत आहे. पावसात पन्हळी वाहताना दिसतात, हे खरे. पण कातळावर शेवाळ धरते, पायऱ्या निसरड्या होतात आणि डोंगरात सर आली की ओढ्याचे पाणी पाहता पाहता चढते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये जावे. तेव्हा टाक्यांत पाणी असते, रान हिरवे असते आणि पायाखालचा दगड बराचसा कोरडा झालेला असतो.